आगीतून आलेलं पाणी

आमच्या साखर कारखान्यात उसाच्या चिपाडावर वीज तयार होते. उरलेल्या विजेवर आता पाण्यातून हायड्रोजन काढतात. मी तिथेच कामाला आहे. परवा आबांना, माझ्या वडिलांना, ते दाखवायला नेलं. त्यांचा जन्म याच कारखान्याच्या बॉयलरमधली राख ओढण्यात गेला; खोकला अजून सुटलेला नाही.

मी हायड्रोजनची बारीक ज्योत पेटवली. उजेडात ती दिसेचना. तिच्यावर थंड ताटली धरली, तशी ताटली ओली झाली.

"हे काय गं?"

"पाणी. हा वायू जळला की पाणीच होतं."

"आणि राख?"

"राख नाही आबा, धूरही नाही."

आबांनी ताटलीवर वाकून पाहिलं. मग त्यांनी एक थेंब बोटावर टिपला आणि तीर्थासारखा डोळ्यांना लावला. मी रोज पाहते हे. त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला.