बाबांची बाजू

बारावी तेव्हा नवीच निघाली होती. आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलेली मी एकटीच. बाकीच्या सगळ्याजणी अर्थशास्त्राला पळाल्या, वर "काय गं, संन्यास घेतेस की काय?" म्हणून हसल्या. देवळाली कॅम्पहून बसनं नाशकात यायचं आणि एवढ्या मोठ्या वर्गात एकटीनं बसायचं. सर रीतसर हजेरी घ्यायचे, "हं, तर मुलांनो" म्हणून सुरुवात करायचे. आधी आधी हसू यायचं, पुढे रडूच यायला लागलं. डबासुद्धा तिथंच खायचे, भिंतीकडे बघत.

नीतिशास्त्र म्हणजे वाद घालायचा विषय, आणि वादाला दुसरं माणूस कुठाय? मग सरांनी तोड काढली. खिडकीजवळच्या बाकावर बसून पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाची बाजू. मग उठून भिंतीजवळ जायचं, तिथून आपली. भुकेल्यानं केलेली चोरी पाप का? जीव वाचवायला खोटं बोलावं का? मी या बाकावरून त्या बाकावर. "विरोधकानं मान डोलावली पाहिजे, इतकं चांगलं त्याचं म्हणणं मांडायचं. त्याआधी आपलं तोंड उघडायचं नाही," सर बजावायचे. शिपाई दारातून बघून जायचा, पोरगी कामातून गेली असं तोंड करून. जाईना का! मला जन्मभर तेच करावंसं वाटत होतं.

निकाल लागला. बाबा कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून होते. मला येवल्याला आत्याकडे ठेवून डी.एड. करायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. व्हायचं होतं. आदळआपट करून बाबा बधले नसते. म्हटलं, शिकले तसाच वाद घालू.

रविवारी सकाळी ते दाढी करत होते. मी समोर बसले. "बाबा, तुमचं म्हणणं असं. माझ्या पाठीवर दोघी आहेत. तत्त्वज्ञानानं चूल पेटत नाही. बाई झाले शाळेत, तर कुणापुढे हात पसरायला नको, नवऱ्यापुढेसुद्धा. तुम्हाला शिकायचं होतं, कुणी शिकवलं नाही. माझं तसं होऊ नये, म्हणून तुमचा जीव तुटतो." हे शेवटचं ते कधी बोलले नव्हते, पण मला ठाऊक होतं. त्यांचा हात थांबला. डोळे भरून आले. त्यांनी मान डोलावली.

झालं! आता माझी बाजू. तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा उठलेच. गालावर फेस तसाच. "अगं, ऐकलंस का? पोरीला सगळं पटलंय! साखर आण!" आई धावत आली आणि तिनं चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातली. दोघं इतकी हसत होती. कपाळ माझं, बोलणार काय!

पुढे उभा जन्म चौथीच्या वर्गावर गेला. वाईट नाही गेला, खोटं कशाला बोलू? पण भरल्या वर्गातही कधी कधी त्या रिकाम्या वर्गाची फार आठवण यायची, अगदी एकटं वाटायचं. बाबा म्हातारपणी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "आमची ही भारी समजूतदार हो. डी.एड.चं हिनंच मला पटवून दिलं." आणि माझ्याकडे बघायचे.

मग मी मान डोलवायची.