शेपटासकट नंबर

अक्का माणसाच्या तोंडाकडे सहसा पाहत नसत. त्याच्या हातातल्या बेअरिंगकडे पाहत आणि तेवढ्यावरून त्याची लायकी ठरवून मोकळ्या होत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या एका तेलगिरणीत त्या भांडार सांभाळायच्या आणि मी धुळ्याहून डिप्लोमा घेऊन नुकताच चिकटलेला इंजिनियर होतो. माझी लायकी त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कानावर घातली. मी भांडाराच्या खिडकीशी जाऊन ऐटीत म्हटलं, "अक्का, सरकी वाफवायच्या कुकरसाठी एक मोठं बेअरिंग द्या."

"मोठं म्हंजे कितलं? तुन्हा तोंडाएवढं?"

मागे उभे असलेले दोन हमाल हसले. मला राग आला.

बेअरिंगच्या कडेवर बारीक कोरलेला नंबर अक्का पदराच्या टोकाने पुसून मोठ्याने वाचत, "दोन दोन दोन, वीस, के, सी थ्री." मग माझ्यासारख्या शिकलेल्या अडाण्याला समजावत. पहिले तीन आकडे म्हणजे घराणं. आत रोलरच्या दोन ओळी, शाफ्ट जरा वाकडा चालला तरी निभावून नेणारं. पुढच्या वीसला पाचाने गुणलं की भोक शंभर मिलिमीटरचं. 'के' म्हणजे ते भोक निमुळतं. आणि 'सी थ्री' म्हणजे आतून मुद्दाम थोडं सैल ठेवलेलं. "गरम व्हयनं का लोखंड फुगस. त्याले आंगमा जागा नको का?" शेवटच्या अक्षरांना त्या शेपूट म्हणत, आणि शेपूट न सांगता बेअरिंग मागणाऱ्याला खुशाल जनावरांत जमा करत. बेअरिंग किती तास टिकेल याची सूत्रं मी कॉलेजात घोकली होती. कडेवरचा नंबर वाचायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आज मला जे काही येतं, ते त्या खिडकीवर झालेल्या अपमानांतून आलेलं आहे. अक्का मला फार आवडायच्या, हेही सांगून टाकतो.

सातवी शिकलेल्या या बाईला ही विद्या आली ती नवऱ्यामुळे. तो याच गिरणीत फिटर होता. हाताला यश, पण अक्षरओळख नाही. झिजलेलं बेअरिंग तो डब्याच्या पिशवीतून घरी आणायचा, आणि अक्का बेअरिंगच्या दुकानदाराकडून मागून आणलेलं नंबरांचं जुनं पुस्तक उघडून एकेका अक्षराचा अर्थ लावत बसायच्या. तो वारल्यावर मालकांनी त्यांना भांडारात घेतलं. दोन मुली शाळेत होत्या आणि घर याच पगारावर चालत होतं. तरी जिभेला लगाम म्हणून नव्हता. "बठ्ठा कागदवर सही करतस, वाचतस एक बी नही," असं त्या मॅनेजरसाहेबांबद्दल त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू बोलायच्या. खोटं काही नव्हतं त्यात. बेअरिंग आणि बांगडी यांतला फरक साहेबांना बहुधा वजनावरूनच कळत असावा.

ऐन हंगामात कुकरचं बेअरिंग गेलं आणि भांडारात दुसरं नव्हतं. बाजारात तोच नंबर मिळाला, पण सी थ्री नसलेला. बरोबरचं बाहेरगावाहून यायला दोन दिवस लागणार होते. मॅनेजर म्हणाले, "आकडा तोच आहे ना? मग बसवा."

"हाई तठे टिकनार नही," अक्का आम्हा दोघांसमोर म्हणाल्या. "दोन दिन थांबा."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. कुकरच्या वाफेत त्या बेअरिंगचं काय होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "चालून जाईल, सर."

चौथ्या दिवशी बेअरिंग जाम झालं, शाफ्ट खराब झाला आणि गिरणी आठवडाभर बंद पडली. मालकांनी आम्हा तिघांना बोलावलं. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "भांडारातून चुकीचं बेअरिंग आलं."

"मी सांगेल व्हतं," अक्का म्हणाल्या. "ह्याले इचारा."

मालक माझ्याकडे वळले. माझी नोकरी सहा महिन्यांची होती, आणि कच्ची. मी म्हणालो, "मला नीटसं आठवत नाही."

सरळ खोटं बोलायलाही थोडी हिंमत लागते. माझ्याजवळ तेवढीही नव्हती.

अक्कांना भांडारातून काढून बारदान शिवायला बसवलं. पंधरा दिवसांत त्या नोकरी सोडून मुलींना घेऊन शिंदखेड्याकडे भावाच्या गावी गेल्या. वर्षभराने मी त्यांना भेटायला गेलो. माझी नोकरी पक्की झाल्यावर गेलो, त्याआधी नाही. अक्का ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होत्या. मोठीची शाळा कायमची सुटली होती, ती मजुरीला गेली होती. धाकटीने चहा आणून दिला.

"अक्का, मला त्या दिवशी सगळं आठवत होतं," मी म्हणालो.

"माले म्हाईत शे."

"मग मालकांसमोर तुम्ही भांडला का नाहीत?"

"मी तं सांगेल व्हतं," अक्का म्हणाल्या. "सांगानी पाळी तुन्ही व्हती."

एवढं बोलून त्या पुन्हा मिरच्यांकडे वळल्या. मी बशीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो आणि मिळाली त्या एसटीने जळगावला परतलो. दुसऱ्या दिवशी कामावर वेळेवर हजर होतो.