बहुमतात न बसलेली पुस्तकं

केरळात कण्णूरकडच्या विडी कारखान्यात कणारनचा उभा जन्म गेला, पण त्याने स्वतः वळलेल्या विड्या म्हणाल तर मोजक्याच. तो वाचायचा. मांडीवर सूप घेऊन ओळीने बसलेली माणसं पानं कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत, आणि मधल्या स्टुलावर बसून कणारन मोठ्याने वाचत राही. सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर पुस्तक. त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे आपापल्या सुपातून काढून देत. आवाज असा खणखणीत, की रस्त्यावरचा मासेवालाही सायकल टेकवून प्रकरण संपेपर्यंत थांबे आणि मग गिऱ्हाइकांच्या शिव्या खाई.

पुस्तक कोणतं, हे मात्र कणारन ठरवत नसे. त्यावर हात वर करून मतदान व्हायचं. कादंबरी नाहीतर पुढाऱ्याचं चरित्र, दोनच गोष्टी पास होत. एकदा त्याने कवितेचं नाव काढून पाहिलं. ओळीत विड्या वळणारा पोक्कन म्हणाला, कवितेने हात रेंगाळतो, विड्या कमी पडतात. पक्ष्यांचं पुस्तक सुचवलं तर सगळे हसले. पक्षी काय, खिडकीबाहेर फुकट दिसतात! कणारन गुमान कादंबरी उघडायचा. कुणी मागाहून कुरकुरलंच तर तोच दटावायचा, की मत झालं, आता तोंड बंद. त्याची बायको चीरू त्याच खोलीत विड्या वळायची. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई ऐकून ऐकून इतकी शहाणी झाली होती, की गावात तिच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा कणारनने साठी ओलांडली होती. बाकीचे रडले. हा मनातून जरा खूशच झाला, आणि त्याची त्याला लाजही वाटली. दुसऱ्याच दिवशी तो गावच्या वाचनालयात ग्रंथपाल शीजाच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"कारखान्यात नापास झालेलं सगळं या वर्षात वाचणार आहे. कविता, पक्षी, ग्रहतारे, स्वयंपाक, भुताच्या गोष्टी. प्रत्येकातलं एक तरी. आणि हो, गणितसुद्धा."

"गणित कशाला, कणारेट्टा?" गावातली धाकटी मंडळी त्याला थोरला भाऊ मानून अशीच हाक मारत.

"त्याला कुणी हात वर केला नाही म्हणून."

वाचनालयात बसून वाचायची सोय नव्हती, कारण तो तिथेही मोठ्यानेच वाचायचा आणि इतर वाचक वैतागायचे. शीजाने त्याला गोडीगुलाबीने घरी धाडलं. मग ओसरीवर सुरू झालं. स्वयंपाकाच्या पुस्तकापायी चीरूने त्याला पुरतं हैराण केलं. मीठ चवीनुसार, हे सांगायला पुस्तक लागतं होय, असं चुलीपासून ओरडायची. कवितेला मात्र ती हातातलं काम टाकून दाराशी येऊन बसली. ग्रहतारे झाले. भुतांच्या गोष्टी अर्ध्यावर आल्या आणि त्याचा आवाज बसला.

सर्दी असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. आवाज सुटेना. शेवटी कोळिकोडच्या मोठ्या इस्पितळात घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, तोवर एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

बोलू नको तर नको, वाचता तर येतं! कणारनने पक्ष्यांचं पुस्तक आणलं, मिटल्या तोंडाने पहिलं पान वाचलं आणि उलटलं. काय वाचलं? काहीच नाही. पुन्हा वाचलं. ओळीखाली बोट धरून वाचलं, नुसते ओठ हलवून पाहिले. अक्षरं सगळी ओळखीची, पण त्यांतून अर्थ म्हणून हाती लागेना. जन्मभर तो स्वतःचंच वाचन कानांनी ऐकत आला होता. जे काही डोक्यात गेलं ते कानावाटे. आपलं असं आहे, हे बिचाऱ्याला कळणार तरी कधी? ऑपरेशनला तो घाबरला नव्हता, याला घाबरला. त्याने पाटीवर लिहिलं आणि ती पाटी शीजाला चीरूपुढे वाचायला लावली. 'मला वाचता येत नाही.' चीरू आधी हसली. मग तिने त्याचं तोंड पाहिलं.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. चीरूने पोक्कनला ही हकिकत सांगितली, तेव्हा त्या आडदांड माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी जुनी मंडळी ओसरीवर जमली. इतकी वर्षं याने आपल्याला वाचून दाखवलं, आता दर रविवारी आपण याला दाखवायचं, असं ठरलं. कणारनला काय करू नि काय नको झालं. लगबगीने आत जाऊन त्याने पक्ष्यांचं पुस्तक आणलं.

पोक्कनने स्टूल ओढलं, चष्मा चढवला. "पद्धतीप्रमाणे आधी पुस्तक ठरवू."

कुणीतरी पिशवीतून ती जुनी जाडजूड कादंबरी काढून सुचवली. जी ऐकून अख्खा कारखाना रडला होता ती. कणारेट्टाला तिच्यासारखं दुसरं काय आवडणार? कुणाच्या मनात पाप नव्हतं. भराभर हात वर झाले. कणारनने पुस्तकासकट आपला हात वर केला, उंच केला, हलवला. पोक्कनने तो इमानदारीत विरोधी म्हणून धरला.

चीरू चहा घेऊन बाहेर आली तोवर मोजणी संपली होती. "अरे, त्यांना ते पक्ष्यांचं हवंय."

"मत झालं, चीरू," पोक्कन प्रेमाने म्हणाला. "आम्हाला ही शिस्त त्यानेच लावली. हे संपलं की पक्षीच घेऊ. पळतायत कुठे ते?"

चीरूने त्या कादंबरीच्या जाडीकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन उरलेल्या दिवसांचं जे सांगितलं होतं, ते या मंडळींना ठाऊक नव्हतं, आणि कणारनला तर मुळीच नव्हतं. त्याच्यासमोर ते तोंडातून काढायचं तरी कसं? तिने एकेकाच्या हातात कप दिला.

पोक्कन अडखळत वाचू लागला. दुसऱ्याच ओळीत त्याने चुकीच्या जागी श्वास घेतला. कणारनने पक्ष्यांचं पुस्तक मांडीखाली सरकवलं आणि मान हलवली, वाच, थांबू नको.