सम्यकच्या वाट्याचा तांदूळ

"श्रुतिका, परीक्षेची फी भरलीस हे चांगलं केलंस, पण रात्रीचं जेवण सोडून भरलीस हे मला मुळीच पटलेलं नाही."

मनातल्या मनात तिला पत्र लिहीत सुलक्षणाकाकी दिंडोशीच्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. शेजारची ही वीस वर्षांची पोर कॉलेज, नवऱ्याचा तुटपुंजा पगार आणि दहा महिन्यांचा सम्यक, सगळं एकटीने ओढत होती. मागे काकींनीच सुचवलं होतं, "अगं, याचं नाव रेशनकार्डावर चढव. त्याच्या वाट्याचा तांदूळ मिळेल."

"तो कुठे भात खातो, काकी?"

"तू खातेस ना?"

श्रुतिकाने हसत जन्मदाखला त्यांच्याकडे दिला. "सोमवारी जाऊया." सोमवारी तिचं लेक्चर निघालं, पुढच्या सोमवारी काकींचा गुडघा धरला. रेशन ऑफिसला दोघी गेल्याच नाहीत.