खाप्याचा नारिंगी कप

नागपूर स्टेशनातून बाहेर आले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि ऊन केव्हाच कामाला लागलं होतं. पुण्याहून निघताना ऑफिसात सांगून आले होते, "कौतुक ऐकायला चाललेय." खोटं नव्हतं. फवारणीचे पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी मी आराखडे करते. माझा नवा पंप खाप्याच्या एका संत्राबागेत वर्षभर चालला होता. तो कसा चालतोय ते पाहायचं, हे कागदावरचं कारण.

स्टेशनजवळच्या गाडीवर पोहे घेतले. "तर्री किती टाकू, ताई?" गाडीवाल्याने विचारलं. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. मी ऐटीत भरपूर टाकायला सांगितली.

"पाहा बरं. बाहेरगावचे लोक दुसऱ्या घासाले पानी मागते."

मी पहिल्याच घासाला मागितलं. वर पांढऱ्या कुर्त्यावर डाग पाडून घेतला तो वेगळाच.

सावनेरला बस बदलली. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आणि खापा जवळ आल्यावर कन्हान नदीचं रुंद, वाळूचं पात्र. स्टँडवर बागेचे मालक वामनराव मोटारसायकल घेऊन उभे होते. साठीचे, सडपातळ, बोलायला मोकळे. बागेत पोचताच त्यांनी पंप पाठीवर चढवून दाखवला.

"पट्टे खांद्याले रुतत नाही, मॅडम. पहिले तर संध्याकाळी हात वर होत नव्हता."

मी मनातल्या मनात चांगलीच फुशारले.

मग घरी चहा. वामनरावांच्या पत्नी कमलाबाईंनी त्यांना स्टीलचा कप दिला आणि मला नारिंगी. पाहुण्याला घरातला चांगला कप. मी तो ओळखला. पंपासोबत येणारा, फवारणीचं विषारी औषध मोजायचा माप-कप होता तो. बांधावरच्या गवतात हरवू नये म्हणून मीच त्याला संत्र्याचा रंग दिला होता. गोल कान आणि जाड, गुळगुळीत कडाही मीच दिली होती. मापाचे आकडे आता घासून पुसट झाले होते.

"चाय थंडी होऊन राहिली ताई, घ्या ना," कमलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांची चार वर्षांची नात परी दारात येऊन उभी राहिली. "माझा कप," ती म्हणाली.

"आज ताईले दे वं." मग माझ्याकडे वळून, "दुसऱ्या कपात दूध दिलं तं ही पोट्टी तोंडच लावत नाही."

चहा पीत नाही म्हणावं आणि निघावं, असा विचार माझ्या मनात आला होता, हे कबूल करते. मग मी कप खाली ठेवला.

"कमलाबाई, यात औषध मोजलं होतं का?"

"दोन-चार फवारण्या झाल्या. मंग मीच घरात आणला. राखेनं तीन खेपा घासला. काहून, का झालं?"

"औषध प्लास्टिकमध्ये मुरतं. घासून जात नाही. हा कप मीच बनवलाय."

वामनरावांनी शांतपणे विचारलं, "कुठी लिवलं नाही?"

मी चहा ओतून टाकला आणि कप उलटा केला. तळाशी नखाएवढी धोक्याची खूण होती. दर्शनी बाजूला ती वाईट दिसते म्हणून मीच खाली ढकलली होती.

"पोरीले काही होईन काय?" कमलाबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आजच डॉक्टरांना दाखवू."

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही नागपूरला परतलो. सकाळचाच रस्ता, पण मला एकही बाग दिसली नाही. परी माझ्या मांडीवर झोपली होती. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, दोन दिवस थांबायला सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर कमलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं, असं मला फार वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "इतका सुंदर काहून बनवला, बाई? फेकवतच नव्हता."

ते तिघे नागपुरातच, सक्करदऱ्याला नातेवाइकांकडे राहिले. मी तिकीट बदलून लॉजवर. दोन दिवस तिथल्या तलावाकाठी नुसत्या फेऱ्या मारल्या. रिपोर्ट चांगला आला. वामनरावांनी आधी मला फोन केला, मग बाहेरगावी असलेल्या मुलाला, परीच्या बाबांना. मी लॉजच्या खोलीत बसून रडले.

परतल्या परतल्या विकलेल्या सगळ्या पंपांच्या मालकांना कंपनीकडून कळवलं आणि कप परत मागवले. नव्या पंपाला कपच नाही. माप टाकीच्या तोंडातच घट्ट बसवलंय, करडं, बेढब. सहकारी म्हणतात, अगदीच कुरूप दिसतं. दिसू दे.

परवा कमलाबाईंचा फोन आला. मी पाठवलेल्या स्टीलच्या कपाला परी अजून तोंड लावत नाही. येईल-जाईल त्याला सांगते, "माझा कप ताईनं नेला. लय सुंदर होता." कौतुक ऐकायलाच तर गेले होते मी. इतकं मनापासूनचं कौतुक माझ्या कुठल्याच वस्तूला मिळालेलं नाही, आणि ते मला अजून ऐकवत नाही.