नारळाचं पाणी आणि आईच्या तीन प्रती

माझा मोठा भाऊ मानोऱ्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर आहे. मध्यंतरी तो वाशिमला संगणकाचं कसलंसं प्रशिक्षण घेऊन आला आणि तेव्हापासून पारावर, लग्नाच्या मांडवात, जिथे माणूस सापडेल तिथे बॅकअपवर बोलू लागला. 'महत्त्वाची गोष्ट एकाच ठिकाणी ठेवू नये' हे तो अशा थाटात सांगायचा, जणू त्याच्याआधी कुणाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. लोक माना डोलवायचे. मास्तर बोलला की डोलवतातच.

जपण्यासारखं मात्र त्याच्याकडे खरंच होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत त्याने तिला बोलतं करून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. रोडगे कसे भाजायचे, तिच्या लग्नात वऱ्हाडाची फजिती कशी झाली, शेजारणीशी कशावरून बिनसलं, आणि मधेच दारातल्या बकरीला शिव्या. आई गेली, तेवढा आवाज राहिला. तो त्याने कॉम्प्युटरमध्ये घातला, हार्ड डिस्कमध्ये घातला, पेन ड्राइव्हमध्ये घातला. मग जागा होईना म्हणून मोबाइलमधला पुसून टाकला. कॉम्प्युटर टेबलावर आणि बाकीच्या दोन्ही वस्तू त्याच टेबलाच्या खणात. याला तो तीन ठिकाणं म्हणायचा.

मी वाशिमजवळच्या मालेगावला राहते. मी म्हटलं, "दादा, तो पेन ड्राइव्ह मले दे. नाहीतं इंटरनेटवर चढवून ठेव."

"मायचा आवाज लोकाइच्या मशीनवर कायले ठेवाचा? घरची वस्तू घरात बरी. अन् तू तं हरवूनच टाकशीन."

शिकलेला माणूस अडाणीपणा करतो तेव्हा तो किती ऐटीत करतो, हे मी माझ्या भावाकडे पाहून शिकले.

दसऱ्याला आमच्याकडे विळे, वखर, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते. ट्रॅक्टरसमोर नारळ फोडून पाणी त्याच्या तोंडावर ओततात. ट्रॅक्टरला काही होत नाही, तो ट्रॅक्टर आहे. त्या वर्षी दादाने पाटावर कॉम्प्युटर मांडला. आपलं ज्ञान गावाला दिसावं म्हणून शेजारी हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हही ठेवले. झेंडू, हळदकुंकू, आपट्याची पानं. मग नारळ फोडला आणि तिघांना सारखंच पाणी दिलं.

"अरे दादा, पानी!" मी ओरडले.

"बंद हाय ते. भेतं कायले?"

बंद होतं, कबूल. तसंच वाळू दिलं असतं तर कदाचित काही उरलंही असतं. पण अंगणात माणसं जमली होती आणि त्यांना मायचा आवाज ऐकवायचा होता. त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने वरवर पुसलं, हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह जोडले आणि बटण दाबलं. आधी चरचर झाली, मग जळका वास आला. वहिनीने धावत जाऊन प्लग ओढला. तोवर तिन्ही प्रती गेल्या होत्या. वाशिमच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले, पुण्याहूनही सगळं तसंच परत आलं.

मी रडले. दादा म्हणाला, "देवाची मर्जी." स्वतःच्या हाताने पाणी ओतून देवाचं नाव पुढे करणाऱ्या माणसाची मला किळस आली, आणि तो माझा भाऊ आहे म्हणून जरा जास्तच आली.

हल्ली तो बॅकअपवर बोलत नाही. फोन आला की फक्त विचारतो, "तुह्या मोबाइलमधी मायचं काही असंल तं पाय ना, बाई."

आहे. वहिनी माहेरी असताना आई एकदा धनजला मावशीकडे गेली होती, तेव्हा मावशीच्या मोबाइलवरून मला पाठवलेला तिच्या आवाजातला एक निरोप. छोटासाच. "बाई, दादाले फोन लाव. एकटाच जेवून राह्यला असंल थो. म्हणाव, भाजी गरम करून खाय."

माझी चौकशी त्यात नाही. तरी मी तो मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवलाय, इंटरनेटवर चढवलाय, एक पेन ड्राइव्ह धनजला मावशीच्या पेटीत ठेवलाय. माझ्या मोबाइलवर तर रोज ऐकते.

दादाला म्हणते, "नाही रे, काहीच नाही."