उजवा कौल आणि ज्वालामुखीचं बेट

देवाने हो म्हटलं होतं. घरी येऊन मी नाही म्हणून सांगितलं. एवढं आधीच लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा आजूबाजूचंच लिहीत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

बायको रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. मी पालीच्या रस्त्याला आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात मॅनेजर आहे. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. घरात आम्ही दोघं आणि माझी आई.

दोनेक वर्षांपूर्वी बायको शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नाशिकला गेली होती. शेवटच्या दिवशी मैत्रिणी तिला द्राक्षांच्या एका मळ्यावर घेऊन गेल्या, तिथे ग्लासांतून थोडी थोडी वाईन चाखायला मिळाली. परत आली ती साडीच्या घडीत एक बाटली गुंडाळून. दुपारी आई झोपल्यावर आम्ही ती फुलपात्रांतून प्यायलो. आमच्या धंद्यात फळाचा रस फसफसला की ओतून द्यावा लागतो. मला तीच चव लागली. ती मात्र डोळे मिटून म्हणाली, "ह्यात जिभेला जमीन लागते हो. कोरडी जमीन."

मी म्हटलं, "असेल."

तिथून तिने सँटोरिनी शोधून काढलं. ग्रीसचं बेट. वर्गात ज्वालामुखी शिकवून शिकवून तिचा घसा बसला होता, पण प्रत्यक्ष एकही पाहिलेला नव्हता. हे बेट म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीची कड. मधला भाग समुद्रात गेलेला, आणि उरलेल्या कडेवर राखेत द्राक्षं पिकतात. एका सहलीत दोन्ही, ती म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. तेव्हा तिथला हंगाम उतरलेला असतो, गर्दी नसते, आणि वाईनवाले निवांत बसून बोलतात.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती मला सांगायची. तिथे वारा इतका, की मांडव टिकत नाही. म्हणून वेल जमिनीवरच गोल गोल वळवतात. "चुंबळ असते ना डोक्यावर हंडा ठेवायची, अगदी तशी. आणि द्राक्षं त्या चुंबळीच्या आत, वाऱ्यापासून लपलेली." पाऊस जवळजवळ नाही, समुद्रावरून धुकं येतं, त्यावर वेल जगतो. "आपण कातळाला सुरुंग लावून खड्डा करतो, माती भरतो, मग कलम लावतो. त्यांना मातीसुद्धा मिळत नाही. राखच."

तिने चार ठिकाणी पत्रं लिहिली. कुठे चाखायला आधी सांगावं लागतं, कुठे जुने वेल दाखवतात, गावातून बस कुठवर जाते, सगळं तिला पाठ. व्हिसासाठी मुंबईला जाऊन दोघांनी बोटांचे ठसे दिले. ह्या सगळ्यात मी काय केलं? "हो" म्हटलं. "बरं" म्हटलं. एकदा "छान" म्हटलं, तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं.

आता मूळ गोष्ट. आमच्यात काही बिनसलेलं नव्हतं. भांडण नाही, संशय नाही. बोलणं आटत गेलं एवढंच. गॅस संपला, आईची गोळी आणायची आहे, मुलीचा फोन येऊन गेला. ह्यापलीकडे माझ्या तोंडून काही निघेना, आणि निघत नाही ह्याचं वाईटही वाटेना. सहल ठरायच्या आदल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही कोल्हापूरला जेवायला गेलो होतो. समोरासमोर बसलो. मी मेनूकार्ड वाचून संपवलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिने वाढप्याला त्याचं गाव विचारलं, त्याच्या मुलांची चौकशी केली. परत येताना आंबा घाट उतरेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. मला लाज वाटायला हवी होती. मला फक्त झोप येत होती.

आणि आता आठवडाभर, रोज, समुद्राकडे तोंड करून, मध्ये ग्लास ठेवून समोरासमोर. ती आनंदाने बसगाड्यांच्या वेळा सांगत असायची आणि मी मनात म्हणत असायचो, काहीतरी होवो आणि हे राहो.

तेवढ्यात आई म्हणाली, "परदेशी जाताय ना? मग कौल लावल्याशिवाय जायचं नाही."

आमच्या गावच्या देवाला विचारल्याशिवाय घरात काही झालेलं नाही. विहीर खणायची असो की सोयरीक करायची असो, गुरव देवाच्या अंगाला फुलाच्या कळ्या लावतो, आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"पण जाताय कशाला?" आईने सुनेला विचारलं.

"ज्वालामुखी बघायला, आई."

"जळता?"

"आता थंड आहे तसा."

"मग काय बघायचंय त्यात?"

वाईनचं आईला सांगितलेलं नव्हतं. बायको हसू दाबत आत गेली. मला म्हणाली, "जा, विचारून या. देव काही माझी रजा अडवणार नाही."

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी मी एकटाच गावी गेलो. गुरव माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र पोहायचो. कळ्या लावून झाल्यावर म्हणाला, "काय सांगू देवाला? कशाला जाताय?"

"फिरायला."

"फिरायला इतक्या लांब? गणपतीपुळं संपलं काय रे?"

त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हे तुझं लेकरू बायकोला घेऊन सातासमुद्रापलीकडं निघालंय. जाणं-येणं सुखरूप असेल तर उजवा दे..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी ओघळून खाली आली.

"बघ," तो म्हणाला, "त्यालाच घाई. जा, बॅगा भर."

घरी पोचलो तेव्हा आई पडवीत बसली होती, बायको ओले हात पुसत दारात आली. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"डावा," मी म्हटलं.

आईने हात जोडले. बायकोने विचारलं, "पुन्हा लावून बघितला?"

"दोनदा लावला."

खोटं एकदाही बोलायचं ठरवलं नव्हतं, ते दोनदा बोललो. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तेही वाटलं नाही. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो.

बायको रडली नाही, भांडली नाही. "आईंच्या मनात भीती ठेवून मला नाही जायचं," एवढंच म्हणाली. पण आईचं वेगळंच सुरू झालं. देवाने घराला नाही म्हटलं, म्हणजे काहीतरी चुकलं. तिने मला विचारून विचारून हैराण केलं. कुणाचा नवस राहिलाय का? तुझ्या बाबांचं काही बोललेलं फेडायचं राहिलंय का? मी कारखान्यातून यायला उशीर केला की ती काठी टेकत फाटकापर्यंत येऊन उभी राहायची. बायकोला एकटीने चिपळूणलासुद्धा जाऊ देईना. नवरात्रात जेवण टाकून उपास धरले तिने, ह्या वयात. दसरा झाला तरी सोडले नाहीत. मी तिच्या शेजारी बसून जेवत होतो.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी बायको बांगडे साफ करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "कौल उजवा होता."

तिची सुरी थांबली नाही.

"माहीत आहे."

"कसं?"

"गुरवीण भेटली होती मासळीबाजारात. कधी निघताय, विचारत होती."

"कधी भेटली?"

"झाले की बरेच दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तुम्ही बोलताय का." तिने बांगडा पाण्याखाली धरला. "का केलंत?"

मी कोल्हापूरचं सांगितलं. मेनूकार्ड, घाट, समोरासमोरच्या खुर्च्या. बोलता बोलता मला माझाच आवाज परका वाटत होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं, दुसरं काही असेल. कुणी बाई, नाहीतर आजार." मग नळ बंद करून वळली. "अहो, मी वाईन प्यायला चालले होते. तुमच्याशी गप्पा मारायला नव्हे. गप्पच बसणार होते मीपण."

मी ओट्यावरचं फडकं उचलून तिच्या हातात दिलं.

"आईंना तुम्ही सांगायचं. आज, आत्ता. त्या उपाशी राहिल्यात तुमच्यापायी." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "गुरवीण भेटली त्या संध्याकाळी मी दोन्ही तिकिटं रद्द करायला बसले होते. तुमचं केलं. माझं राहू दिलं."

आईला सांगितलं. तिने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "देवाच्या तोंडचं बदललंस?" मी मान हलवली. "आणि मी इथे तुझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून..." उठून भात वाढून घेतला आणि जेवली. त्या दिवसापासून ती मला काही विचारत नाही. फाटकापर्यंतही येत नाही.

बायको गेली. तिला स्टेशनवर सोडायला मी गेलो होतो. बॅग तिने मला उचलू दिली.

काल दुपारी तिचा फोन आला. एका मळ्यावर बसली होती, मागे वाऱ्याचा आवाज. जुने वेल पाहिले म्हणाली. पांढरी वाईन चाखली, तिथल्याच द्राक्षांची.

"आंबट आहे?" मी विचारलं.

"आहे. आणि मागाहून किंचित खारट लागते. समुद्राची."

"बरं."

ती थांबली. मग म्हणाली, "अजून विचारा काहीतरी."

"काय विचारू?"

"काहीही."

मी फोन कानाला धरून पडवीत उभा होतो. विचार करत होतो. तिकडे वारा वाहत होता. तिने फोन ठेवला नव्हता.